चाचांच्या पन्नास जागा

चाचा माणसांना नावानं ओळखत नसत, गाडीच्या पार्टानं ओळखत. काउंटरवरचा केरळचा सेल्समन उंच आणि काटकुळा, म्हणून तो अँटेना. दुसरा पेशावरचा, येईल त्याच्याशी हुज्जत घालणारा, तो हॉर्न. आमचे अरबाब, म्हणजे दुकानाचे मालक, सकाळी दोन कप कहवा पोटात गेल्याशिवाय कुणाशी बोलत नसत. ते डिझेल, अर्थात त्यांच्या पाठीमागे. आणि मी फ्यूज. फ्यूजच का, असं मी एकदा जरा रागानंच विचारलं, तर म्हणाले, "लहान हाय, काचेची हाय, आणि उडली की आख्खं दुकान बंद. खोटं बोलतो काय गो बाय?"

खोटं नव्हतं. मी दुकान कसं बंद पाडलं ते पुढे येईलच.

हे दुकान दुबईत रास अल खोरला होतं. पुढे काउंटर, मागे गाड्यांच्या सुट्या भागांचं भलंमोठं गोदाम. चाचा तिथले स्टोअरकीपर. मूळचे दाभोळच्या खाडीकाठचे, मिसरूड फुटायच्या वयात लाँचमध्ये बसून आलेले, आणि मला भेटले तेव्हा साठीला टेकलेले. अंगात बारमाही खाकी कोट. ऑगस्टमध्ये त्या पत्र्याखाली माणूस नुसता वितळतो, तेव्हाही कोट. कारण खिसे. शर्टाला एक खिसा आणि कोटाला सहा, यावर त्यांच्या लेखी वाद संपत होता. एका खिशात टॉर्च, एकात पेन्सिलचं थोटूक, एकात खारे शेंगदाणे, आणि उजव्या खिशात गाडीच्या सांध्यात बसतं तसं एक जुनं रबरी बुश, जे ते विचार करताना मुठीत दाबत राहात. बुश जोरात दाबलं जात असेल तर जवळ जायचं नाही, हे अँटेनानं मला पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं.

गोदामातल्या हजारो भागांचे नंबर चाचांना पाठ होते, दहा-दहा आकडी. स्वतःच्या खोलीचा टेलिफोन नंबर मात्र त्यांना हॉर्नला विचारून सांगावा लागे. मुलांची वयं ते मॉडेलवरून काढत. थोरला डबल केबिन पिकअप आली त्या साली झालेला, धाकटा गोल हेडलाइट जाऊन चौकोनी आले त्याच्या पुढच्या साली. मोडका भाग घेऊन गिऱ्हाईक आलं की चाचा आधी त्या भागाचा वास घेत. वासावरून गाडी समुद्राकाठी फिरते, वाळवंटात जाते की नुसती बायको-मुलांना घेऊन बाजारात जाते, हे ते सांगत. एकदा एका इजिप्शियन गिऱ्हाइकाची क्लच प्लेट हुंगून त्यांनी त्याला सांगितलं की ही गाडी तू चालवत नाहीस, तुझा मेहुणा चालवतो. तो माणूस पांढरा पडला. दोन पैसे जास्त देऊन, हात जोडून गेला. नंतर मी फार खोदून विचारल्यावर कळलं की मेहुणा आदल्याच दिवशी येऊन त्याच प्लेटची चौकशी करून गेला होता.

मी तिथं पोचले सत्त्याण्णव साली. नवऱ्याच्या मागून शारजाला आले होते, पुण्यात दोन वर्षं प्रोग्रामिंग केलेलं होतं, आणि देरा दुबईतल्या एका छोट्या कंपनीनं मला फक्त या एका दुकानाच्या कामासाठी घेतलं होतं. गाडीच्या प्रत्येक अवयवाचं एक चित्र असतं, सगळे भाग सुटेसुटे करून दाखवलेलं, आणि त्यात प्रत्येक नटाला नंबर असतो. अशी हजारो चित्रं आजवर जाडजूड बाडांमध्ये होती, तेलकट बोटांनी काळी झालेली. ती आता कॉम्प्युटरवर यायची होती. सगळी चित्रं हेड ऑफिसच्या मोठ्या मशीनवर असायची, आणि काउंटरवरच्या कॉम्प्युटरनं टेलिफोनची लाइन लावून हवं ते चित्र मागवून घ्यायचं. एक चित्र उतरायला चार मिनिटं लागत. बाहेर गाडी भलतीकडे लावून एखादा ड्रायव्हर काउंटरशी उभा असेल तर चार मिनिटं म्हणजे फार होतात. म्हणून मी सोय केली होती की एकदा उतरलेलं चित्र आमच्याच डिस्कवर ठेवून द्यायचं, आणि पुन्हा कुणी मागितलं की तिथूनच चटकन उघडायचं. पण त्या डिस्कवर मावत होती पाचशे चित्रं. पाचशे एकावं आलं की आधीचं एक काढायचं. या साठवणीला आमच्या धंद्यात कॅश म्हणतात, आणि या शब्दानंच पहिला घोटाळा केला.

एका सकाळी मी अँटेनाला सांगत होते, "कॅश पूरा भर गया है, अब मशीन पुराना सब उडाता जाएगा." अरबाब मागून कपातला कहवा फुंकत येत होते. त्यांनी कप ठेवला, गल्ल्याला कुलूप लावलं, किल्ली कंदुऱ्याच्या, म्हणजे त्यांच्या पायघोळ अरबी झग्याच्या, खिशात टाकली आणि माझ्या बॉसला फोन लावला. माझा बॉस पाऊण तासात धापा टाकत आला. त्यानं डिस्क, मेमरी, ट्रान्सफर वगैरे शब्दांत पंधरा मिनिटं समजावलं, आणि प्रत्येक शब्दागणिक अरबाबांचा हात खिशातल्या किल्लीवर जास्तच घट्ट होत गेला. शेवटी त्यांनी चाचांना बोलावलं. चाचा तोपर्यंत माझ्या कॉम्प्युटरकडे पाठ करून उभे राहात असत. त्यांनी मला विचारलं, "काय ता नीट सांग." मी सांगितलं. त्यांनी थोडा वेळ बुश दाबलं आणि मग अरबी-हिंदीची खिचडी करून अरबाबांना सांगितलं, "अरबाब, मागे गोदाम आहे, तिथं सगळा माल. इथं माझ्या हाताशी हे एक रॅक, रोज लागतं ते इथं. रॅक भरलं की एक खोकं मागे जातं. फेकत नाही, मागे जातं. हिचं कॅश म्हणजे हे रॅक."

अरबाब "खलास", म्हणजे मिटलं, असं म्हणाले आणि त्यांनी गल्ला उघडला. मी या विषयावर एक विटेएवढं पुस्तक वाचून आले होते. त्यात इतकं सोपं कुठंच लिहिलेलं नव्हतं.

त्या दिवसापासून चाचा कॉम्प्युटरकडे तोंड करून उभे राहू लागले. संध्याकाळी मला म्हणाले, रॅकवरचं कुठलं खोकं मागं न्यायचं ते मी ठरवतो, मग तुझ्या रॅकवरचं कोण ठरवतं? मी मोठ्या अभिमानानं सांगितलं की मशीन आपलं आपण ठरवतं. ज्या चित्राला सगळ्यांत जास्त दिवस कुणी हात लावला नसेल ते जातं.

"हात लावला म्हणजे? विकायला लागतं काय?"

मी म्हटलं, नाही, नुसतं उघडून पाहिलं तरी मशीनच्या लेखी हात लागला.

"नुसतं उघडून पाहिलं तरी," असं ते स्वतःशी म्हणाले, आणि त्यांनी कोटाच्या खिशातून मूठभर शेंगदाणे काढून माझ्या हातावर ठेवले. तेव्हाच मला शंका यायला हवी होती. चाचा शेंगदाणे कुणाला देत नसत.

त्याच सुमारास एका शुक्रवारी ते आमच्याकडे शारजाला जेवायला आले. येताना नाक्यावरून सुरमई घेऊन आले आणि ती कशी तळायची हे मला ओट्याशी उभं राहून सांगत राहिले, पण त्यांचं लक्ष माझ्याकडे नव्हतं. आमच्या खिडकीतला एसी गेलं वर्षभर खडखडत होता. आम्हाला आता तो ऐकूही येत नसे. चाचा पहिला घास घेऊन थांबले, दुसरा घेऊन थांबले, आणि तिसऱ्याला हात धुऊन उठले. त्यांनी खुर्चीवर चढून पुढची जाळी काढली आणि खिशातलं रबरी बुश, ते विचार करायचं बुश, पेन्सिलीच्या टोकानं आत कुठंतरी ठोकून बसवलं. माझी चार वर्षांची मुलगी धावत आत आली आणि म्हणाली, "मम्मा, पार्ट्स अंकल इज फाइटिंग विथ द एसी." एसी गप्प झाला तो आम्ही ती जागा सोडेपर्यंत. मी म्हटलं, चाचा, तुमचं बुश गेलं. ते म्हणाले, गेलं कुठं, कामाला लागलं. शनिवारी त्यांच्या खिशात नवीन बुश होतं आणि त्यांनी रजिस्टरमध्ये त्याचे पैसे स्वतःच्या नावावर लिहिले होते.

माझा नवरा फारसा बोलत नाही. त्या जेवणापासून तो सायलेन्सर झाला.

आता मुख्य गोष्ट. अरबाबांनी माझ्या कंपनीला तीन महिन्यांची मुदत दिली होती. प्रोग्राम पसंत पडला तर त्यांच्या बाकीच्या तिन्ही दुकानांचं काम मिळणार होतं, नाही पडला तर मशीन उचलून न्यायचं होतं. बॉसनं मला शांतपणे सांगितलं होतं की मशीन उचललं तर माझ्यासाठी त्याच्याकडे दुसरं काम नाही. आणि पहिला महिना छान गेल्यावर दुसऱ्या महिन्यात प्रोग्रामचं डोकं फिरलं. फिरलं म्हणजे असं, की सकाळी दहा गिऱ्हाइकांनी मागितलेलं फॅन बेल्टचं चित्र दुसऱ्या दिवशी डिस्कवर नसे. ब्रेक पॅड, ज्याच्याशिवाय या दुकानाचा एक तास जात नाही, तेही नसे. रोज तीच चित्रं पुन्हा टेलिफोनवरून उतरवायची, रोज चार-चार मिनिटं. काउंटरवर रांग लागायची, हॉर्न प्रत्येकाशी भांडायचा, आणि चाचा तोंडपाठ नंबर सांगून एकेकाची सुटका करायचे. एका सकाळी लाइन इतकी तुंबली की अरबाबांनी कॉम्प्युटरवर चक्क टेबलक्लॉथ टाकला. ते मी बंद पाडलेलं दुकान.

मी आठ दिवस प्रोग्राम ओळ न् ओळ तपासला. मला स्वप्नात तारखा दिसत. चूक सापडेना. मग मी डिस्कवर नेमकी कुठली चित्रं आहेत याची यादी छापून काढली आणि वाचायला बसले. पाचशेपैकी साडेचारशे चित्रं अशा गाड्यांची होती की ज्या मी जन्मात पाहिल्या नव्हत्या. वीस-वीस वर्षांपूर्वीच्या पिकअप, पाण्याचे टँकर, एका तीनचाकी मालगाडीचा हँडल. आणि प्रत्येक चित्र शेवटचं उघडल्याची वेळ एकच होती, आदली संध्याकाळ, सव्वासहा ते सात. रोज लागणाऱ्या चित्रांना उरत होत्या जेमतेम पन्नास जागा, आणि तिथं ती एकमेकांना बाहेर ढकलत होती.

दुकान सहाला बंद व्हायचं. त्या संध्याकाळी मी गेल्यासारखं केलं, पार्किंगमध्ये दहा मिनिटं काढली आणि मागच्या दारानं आत आले. चाचा कॉम्प्युटरपुढे बसले होते, चष्मा कपाळावर, एक बोट माऊसवर. चित्र उघडत होते, दोन क्षण बघत होते, मान डोलावत होते आणि बंद करत होते. मग पुढचं. कोटाच्या खिशातून शेंगदाणा, मग पुढचं. शाळेत हजेरी घ्यावी तसं चाललं होतं. एका वॉटर पंपापाशी तर ते थांबून हसले.

मी मागून विचारलं, चाचा, काय करताय?

ते दचकले नाहीत. "हात लावतो," म्हणाले.

मी तिथल्याच एका खोक्यावर बसले आणि हसायला लागले. हसता हसता मला रडू यायला लागलं, कारण आठ दिवस मी स्वतःला मूर्ख समजत होते. तीन महिन्यांची मुदत आहे, तुमच्या या हजेरीपायी माझी नोकरी जातेय, हे मी त्यांना सांगून टाकलं. चाचांना हे कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांचा चेहरा एवढासा झाला. त्यांनी चष्मा खाली घेतला, पुसला, पुन्हा कपाळावर चढवला. मग मला जे घडलं होतं ते सांगितलं. पहिल्या महिन्यात हत्ता डोंगराकडचा एक म्हातारा बदू, वाळवंटातला भटका अरब, आला होता, जुन्या पिकअपचा वॉटर पंप मागत. त्याचं चित्र एकदा मशीनवर आलेलं होतं, पण मशीननं ते काढून टाकलं होतं. म्हाताऱ्याला उन्हातून दोन तास गाडी हाकून आल्यावर काउंटरशी चार मिनिटं उभं राहावं लागलं. आणि त्याच वेळी शेजारच्या गॅरेजचा मेकॅनिक, जो दिवसातून सहादा येतो, त्याचं काम मात्र झटकन झालं.

"तुजी मशीन उलटी हाय, बाय," ते म्हणाले. "जो रोज येतो तो शेजारचा असतो. तो पुन्यांदा येईल. वर्साला एकदा येतो तो लांबून येतो."

विटेएवढ्या पुस्तकात हेही नव्हतं.

तरी ब्रेक पॅडशिवाय दुकान चालत नाही, हे त्यांनाही मान्य होतं. मग आम्ही तहाला बसलो. चाचांनी आधी चारशे जागा मागितल्या, मी दहा देऊ केल्या. ते तीनशेवर आले, मी वीसवर. मासळीबाजारात असतो तसा सौदा झाला आणि पन्नासवर पटला. पाचशेपैकी साडेचारशे जागा मशीनच्या, तिथं मशीनचा कायदा. पन्नास जागा चाचांच्या, तिथं मशीननं बोट लावायचं नाही. कुठली चित्रं ठेवायची ते चाचा दर गुरुवारी दुपारी ठरवतील, आणि संध्याकाळची हजेरी बंद.

दुसऱ्या दिवशी मी ती सोय करून दिली, आणि दुकानातले गुरुवार बदलले. इतका गंभीरपणे चालणारा पोरखेळ मी पुन्हा कुठे पाहिला नाही. जेवण झालं की चाचा गोदामातून एक फेरी मारत, मग आसपासच्या गॅरेजांमधून सायकलवर दुसरी फेरी. कुणाच्या गाड्या जॅकवर आहेत, कुणाचं काय गळतंय, हे बघून येत आणि माझ्या शेजारी स्टूल ओढून बसत. पुढे वर्षानुवर्षं हेच चाललं. रमजान जवळ आला की इंडिकेटर आणि मागचे दिवे, कारण रोजा सोडायच्या आधी सगळेच घरी पोचायच्या घाईत. मे महिना लागला की रेडिएटर. शाळा सुटायच्या आधी टपावरची कॅरियर, कारण कुटुंबं गाडीनं ओमानला जाणार. आणि उरलेल्या जागा लांबून येणाऱ्यांच्या. एक आत घ्यायचं तर एक बाहेर काढावं लागे, आणि बाहेर काढताना चाचांची जी उलघाल होई ती बघवत नसे. अँटेना एखाद्या चित्रासाठी वशिला लावायला यायचा. हॉर्न तर धमकी द्यायचा. चाचा दोघांनाही हाकलून लावत.

पण आधी त्या तीन महिन्यांची मुदत संपायला एक आठवडा उरला होता तेव्हाचा गुरुवार. डिसेंबर होता. चाचा फेरीवरून आले ते वेगळेच. त्यांनी मागच्या दाराच्या पत्र्याला हात लावला, हाताचा वास घेतला आणि म्हणाले, धुकं येतंय, मोठं. मग त्यांनी यादीतून लांबून येणारे एकामागून एक बाहेर काढायला सुरुवात केली. बत्तीस काढले. बुश इतकं दाबलं की बोटं पांढरी झाली. त्यांच्या जागी रस्त्यावर जास्त दिसतात त्या गाड्यांचे हेडलाइट, बंपर, पुढची जाळी, रेडिएटर, बॉनेटची बिजागरी असं घातलं. मी विचारलं, धुकं नाही आलं तर? ते म्हणाले, मग बत्तीस माणसांची माफी मागेन.

शनिवारी सकाळी मी शारजाहून निघाले तेव्हा मला टॅक्सीचं नाकही दिसत नव्हतं. रस्त्याच्या कडेनं गाड्या एकमेकींना चिकटून उभ्या होत्या, कुणाचा दिवा फुटलेला, कुणाचा बंपर लोंबतोय, सुदैवानं सगळी माणसं बाहेर उभी राहून भांडत होती म्हणजे धडधाकट होती. नऊला पोचायची ती मी साडेदहाला पोचले. काउंटरवर चाळीसएक माणसं. आत शिरताच अँटेनानं सांगितलं की टेलिफोनची लाइन पहाटेपासून मेलेली आहे, कोपऱ्यावर एक ट्रक तिच्या खांबावर चढलाय. म्हणजे हेड ऑफिसमधून एकही नवीन चित्र यायचं नव्हतं. डिस्कवर असेल तेवढंच. आणि एका बाजूला खुर्चीवर अरबाब, शेजारी माझा बॉस. तो निर्णयाची बोलणी करायला नेमका आजच आला होता.

मी काउंटरमागे पोचले, आणि मला करायला काहीच नव्हतं. हॉर्न नाव घेत होता, अँटेना टाइप करत होता, चित्र पट्कन उघडत होतं. हेडलाइट, उजवा. उघडलं. बंपर, पांढरी पिकअप. उघडलं. बॉनेटची बिजागरी. उघडलं. मागे चाचा उभे होते, कोटात, आणि पडद्यावर चित्र यायच्या आत नंबर म्हणत होते. मग पडद्यावर तोच नंबर येई आणि ते मशीनच्या डोक्यावर थोपटत. थोड्या वेळानं ती शर्यतच झाली. गिऱ्हाइकं भांडायची विसरून बघायला लागली. एक सुदानी टॅक्सीवाला चाचांच्या बाजूनं होता, दोन फिलिपिनो मशीनच्या. कुणीतरी बाहेरून चहा मागवला. एका माणसानं आपला रेडिएटर घेतला आणि तो निघून जायच्या ऐवजी पुढचं बघायला थांबला. फक्त तिघांचं चित्र डिस्कवर निघालं नाही, त्यात एक आइस्क्रीमच्या व्हॅनवाला होता, आणि त्या तिघांना चाचांनी पेन्सिलीनं पुठ्ठ्यावर चित्र काढून माल दिला. बारा वाजता ऊन पडलं तेव्हा काउंटर रिकामं होतं आणि आमचे आवाज बसले होते.

अरबाबांनी विचारलं, हे कुणी केलं? मी चाचांकडे बोट दाखवलं. चाचांनी माझ्याकडे दाखवलं. अरबाबांनी दोघांकडे पाहिलं, मग माझ्या बॉसला म्हणाले, "यल्ला, तिन्ही दुकानांत लाव. पण प्रत्येक दुकानात एक म्हातारा लागेल, तो तुझ्याकडे आहे?"

म्हातारे मिळाले. मिळाले म्हणजे चाचांनीच शोधून दिले, आणि चार वर्षं माझे गुरुवार चार दुकानांत वाटले गेले. पण रास अल खोरचा गुरुवार मी दुसऱ्या कुणावर सोपवला नाही.

दोन हजार एकमध्ये चाचा कायमचे गावी निघाले. गुडघे म्हणत होते पुरे. त्यांच्या जागी अबुधाबीच्या दुकानातून एक नवा स्टोअरकीपर येणार होता. शेवटच्या दिवशी अरबाबांनी बिर्याणीचं मोठं पातेलं मागवलं होतं. गोदामात सतरंजी घातली होती, सगळी गॅरेजं लोटली होती. चाचा मात्र कॉम्प्युटरपुढे बसले आणि मला म्हणाले, "माजी पन्नास काढ."

मला वाटलं बघायची आहेत. तसं नव्हतं, त्यांना ती काढून टाकायची होती. मी म्हटलं, असू देत ना चाचा, नव्या माणसाला उपयोग होईल. चाचांनी मान हलवली. ते इथं नवे आले तेव्हा आधीच्या स्टोअरकीपरनं एक रॅक लावून ठेवलं होतं, सुंदर, आणि जाताना सांगून गेला होता की याला हात लावू नका. नऊ वर्षं चाचांनी त्याला हात लावला नाही. त्यातला माल कुणी मागितला नाही, आणि स्वतःचा माल ते जमिनीवर ठेवत राहिले.

"माजी पन्नास माज्या मान्सांची," ते म्हणाले. "त्याला त्याची मान्सं येतील."

मी म्हटलं, बरं, एका बटणात काढते. ते नको म्हणाले. मशीनला एकेक काढताना विचारायची सवय मीच लावली होती, 'आर यू शुअर' म्हणून, आणि चाचांना प्रत्येक वेळी उत्तर द्यायचं होतं. चित्र उघडायचे, बघायचे, त्याच्या माणसाची काहीतरी गोष्ट सांगायचे आणि मग पडद्याला मोठ्यानं म्हणायचे, "हाय बाबा, शुअर हाय." पहिल्या पाचसहा चित्रांपर्यंत मीच ऐकत होते. मग अँटेना आला, हॉर्न आला. मग सतरंजीवरची माणसं हातात ताटली घेऊन मागे उभी राहिली, आणि ज्याची गोष्ट निघे तो तिथंच असेल तर ओरडून म्हणे की खोटं आहे, तो बंपर मी तोडला नव्हता, माझ्या भावानं तोडला होता. शेवटी अरबाब आले, त्यांनी स्टूल ओढलं आणि चाचांच्या शेजारी बसून तेही म्हणायला लागले, "शुअर, शुअर." चाळिसाव्याला तर आख्खं गोदाम एका सुरात म्हणत होतं. बिर्याणी थंड झाली. कुणाला पत्ता नव्हता.

पन्नासावं गेलं तेव्हा पडद्यावर रिकाम्या जागेचा आकडा आला. चाचांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, वाकून तो आकडा वाचला आणि मला दाखवला.

"बघ गो बाय," म्हणाले, "किती जागा झाली."

मग त्यांनी कोटाच्या बाहीनं कीबोर्ड पुसला, आणि आम्ही सगळे जेवायला गेलो.